शिरोलीतलं एक मशीन शॉप : मंदी, महापूर, लॉकडाउन आणि सोबतची चार माणसं

हे प्रकरण कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतलं आहे. काळ २०१९ ते २०२२. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि रकमा, भागांचे तपशील थोडे बदलले आहेत. मुख्य माणसाला इथे 'मालक' म्हटलं आहे. शॉपमध्ये कामगार त्यांना तशीच हाक मारतात.

पार्श्वभूमी

मालकांचे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. ऑइल इंजिनांच्या काळापासून या गावात ओतकाम आणि मशिनिंग (ओतलेल्या भागाला यंत्रावर नेमका आकार देणं) हातात हात घालून वाढलं. एकाची फाउंड्री, दुसऱ्याचं मशीन शॉप, तिसऱ्याचं पॅटर्नचं, म्हणजे साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांचं, काम. मालकांनी २००७ मध्ये शिरोलीत स्वतःची शेड घेतली. सुरुवात दोन लेथवर झाली. २०१८ पर्यंत चार सीएनसी (संगणकावर चालणारी) टर्निंग मशीन, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग यंत्रं) आणि चौदा माणसं एवढा पसारा झाला. दुसरी व्हीएमसी २०१७ च्या शेवटी कर्ज काढून आणली. तेव्हा ट्रकच्या सुट्या भागांना एवढी मागणी होती की दोन पाळ्या पुरत नव्हत्या.

काम जॉबवर्कचं. फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) यायचं आणि मशिनिंग करून परत जायचं. एकूण कामातलं ऐंशी टक्के काम एकाच मोठ्या फाउंड्रीचं होतं आणि त्या फाउंड्रीचं बहुतेक काम अवजड वाहनांचं. म्हणजे कोल्हापुरातल्या या शेडचं पोट देशातल्या ट्रकविक्रीवर अवलंबून होतं. मालकांना याची कल्पना होती, पण चांगल्या दिवसांत त्याची भीती वाटत नव्हती.

अडचण

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकची भारमर्यादा वाढवली. आहे त्याच गाड्या जास्त माल नेऊ लागल्या, नव्या गाड्यांची गरज कमी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरनंतर वित्तसंस्थांकडचा पैसा आटला आणि गाड्यांना कर्ज मिळणं अवघड झालं. पुढे एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम लागू होणार असल्याने कंपन्यांनी जुन्या मॉडेलचं उत्पादन आवरतं घेतलं. २०१८-१९ मध्ये देशात सुमारे १० लाख व्यापारी वाहनं विकली गेली होती. २०१९-२० मध्ये हा आकडा ७.१७ लाखांवर आला आणि त्याच्या पुढच्या वर्षी ५.६८ लाखांवर.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचा महापूर आला. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढलं आणि वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. शेडमध्ये पाणी शिरलं नाही, पण तयार माल आतच अडकला. फाउंड्रीने तेवढे दिवस दुसऱ्या शॉपकडून काम करून घेतलं आणि त्यातलं थोडं काम तिकडेच राहिलं.

ऑक्टोबरपर्यंत दोन पाळ्यांची एक पाळी झाली. फाउंड्रीकडून साठ दिवसांत येणारे पैसे एकशे दहा दिवसांवर गेले आणि येणी १९ लाखांवर पोहोचली. बँकेचं मुदत कर्ज आणि कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) मिळून ६२ लाख बाकी होती, महिन्याचा हप्ता १ लाख ३५ हजार. सप्टेंबरमध्ये मालकांनी एका खासगी सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिना दराने चार लाख उचलले. त्याचं व्याजच महिन्याला बारा हजार होत होतं. नोव्हेंबरचा हप्ता चुकला. डिसेंबरचाही चुकणार हे दिसत होतं.

पैशांची ओढ या भागात कुणालाच नवी नाही. या प्रकरणात जास्त घातक ठरला तो एकटेपणा. इन्सर्ट (धातू कापणाऱ्या हत्याराची बदलती टोकं) पुरवणाऱ्या बाईंचा फोन आला की मालक उचलत नसत. समोरच्या शेडच्या मालकाला पूर्वी रोज चहाला बोलावत, ते थांबलं. घरी पगार, हप्ता, सावकार यातलं काहीच सांगितलं नव्हतं. रात्री साडेदहापर्यंत शेडमध्ये बसून राहायचे. मशीन बंद, दिवे चालू.

याच काळात ते एका उद्योजक गटाचे सभासद होते. पस्तीस हजार रुपये वर्षाची फी, हॉटेलात बैठका, रोज सकाळी मोबाइलवर स्फूर्ती देणारा संदेश. त्या गटाने त्यांना चार लोकांत उभं राहून बोलायला शिकवलं, ओळखीही करून दिल्या. हे श्रेय द्यायलाच हवं. पण तिथे प्रत्येक जण आपली चांगली बातमी घेऊन यायचा. ऑक्टोबरच्या बैठकीत मालकांनी 'नव्या व्हीएमसीवर काम जोरात आहे' असं सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. त्या रात्री घरी येऊन ते जेवले नाहीत, असं त्यांच्या पत्नीने नंतर सांगितलं. भोवती यशस्वी माणसं असूनही त्यांचं बळ वाढत नव्हतं. खरं बोलता येत नाही अशा संगतीत माणूस आणखी एकटा पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे आणि या प्रकरणात ते पदोपदी दिसतं.

समोरचे पर्याय

नोव्हेंबरच्या शेवटी मालकांसमोर चार वाटा होत्या.

पहिली, त्याच सावकाराकडून आणखी सहा लाख घ्यायचे आणि मार्चपर्यंत तग धरायचा. मागायची खोटी, पैसे दुसऱ्या दिवशी हातात आले असते. म्हणूनच ही वाट सर्वांत ओढाळ होती.

दुसरी, फाउंड्रीच्या मालकांचा प्रस्ताव. मशीन त्यांच्या आवारात हलवायची आणि मालकांनी पगारी व्यवस्थापक म्हणून राहायचं. या प्रस्तावात वाईट हेतू नव्हता. हप्त्याची चिंता मिटली असती, पण बारा वर्षांचा धंदा संपला असता.

तिसरी, शेड विकून सगळी देणी फेडायची. त्या मंदीत शेडला भाव कोण देणार, हा प्रश्न होता.

चौथी वाट त्यांच्या पत्नीने काढली. सराफाकडच्या पावतीवरून तिला गहाण टाकलेल्या पाटल्यांचा पत्ता लागला होता. ती भांडली नाही. म्हणाली, "नानांकडं जाऊया. त्यांनी फाउंड्री बंद केली तवा कुणाचा रुपया बुडवला न्हाई. त्यांना ठाऊक असंल कसं करायचं."

नाना म्हणजे सत्तरी ओलांडलेले जुने फाउंड्रीवाले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ट्रकधंद्यात अशीच मंदी आली होती, त्यात त्यांची फाउंड्री बंद पडली. पुढची सहा-सात वर्षं दुसऱ्यांकडे नोकरी करून त्यांनी कामगारांचे आणि पुरवठादारांचे पैसे चुकते केले. वसाहतीत त्यांचं नाव अजून आदराने घेतलं जातं ते त्यामुळे. मालक लहानपणापासून त्यांना ओळखत होते, पण 'धंदा बुडालेल्या माणसाकडून काय शिकायचं' असा विचार मनात होता, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं.

काय केलं

नानांनी सल्ला दिला नाही. दोन दिवसांनी ते शेडवर आले, येण्या-देण्यांची यादी मागितली आणि पेन्सिल घेऊन बसले. मग प्रत्येक पार्टचा दर विचारू लागले. एका ब्रॅकेटवर अडले. फाउंड्री त्याचे नगाला ३८ रुपये देत होती.

"ह्यो पार्ट किती मिनिटात निघतोय, बाळ?"

"साडेपाच, नाना."

"कागदावर का मशीनवर?"

मालक गप्प राहिले. नाना उठून व्हीएमसीजवळ गेले आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. ऑपरेटरने दार उघडलं, पार्ट काढला, फिक्स्चरवरची (पार्ट पकडून ठेवणाऱ्या बैठकीवरची) बर, म्हणजे धातूचा कीस, एअरगनने उडवली, वेस्टने पुसून घेतलं, नवं कास्टिंग बसवलं, चार क्लॅम्प पान्याने आवळले, दार लावलं, सायकल सुरू केली. दर पाचव्या नगाला बोअर गेजने भोकाच्या मापाची तपासणी, त्यात कूलंटचे (कापताना सोडायच्या थंड द्रवाचे) हात पुसणं. दहा नगांची सरासरी सात मिनिटांवर गेली. मशीनचा तासाचा खर्च ४०० रुपये धरला तर सात मिनिटांचे जवळपास ४७ रुपये होतात. म्हणजे प्रत्येक नगामागे नऊ रुपयांच्या आसपास तोटा, आणि महिन्याला तीन हजार नग. सगळ्यात भरवशाचं वाटणारं काम महिन्याला पंचवीस हजारांहून जास्त खात होतं.

मंदी मालकांच्या हातात नव्हती. हा पार्ट मात्र होता. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, बऱ्याच महिन्यांनी त्या रात्री त्यांना झोप लागली.

पुढची गोष्ट नानांनी आग्रहाने करून घेतली. ते म्हणाले, मी एकटा पुरणार नाही, आणखी तीन माणसं बसव. पहिला, समोरच्या शेडचा मालक. धंद्याने स्पर्धक, पण ट्रॅक्टर आणि पंपाच्या भागांचं काम करणारा. दुसरे, मालकांचे सीए. ते तोवर फक्त वर्षअखेरीला भेटायचे. तिसऱ्या, इन्सर्टवाल्या ताई. याच नावाला मालकांनी सर्वांत जास्त विरोध केला. ताईंचे १ लाख १० हजार त्यांच्याकडे थकले होते आणि तीन महिने ते त्यांना टाळत होते.

नाना म्हणाले, "तिच्या वहीत तुझं खरं लिवलंयच की. तिच्यापासून काय लपवायचं राहिलंय?"

पती गेल्यावर ताईंनी पुरवठ्याचा धंदा आणि टूल ग्राइंडिंगचं छोटं युनिट हातात घेतलं होतं. तेव्हा त्यांना इन्सर्टच्या ग्रेडही माहीत नव्हत्या. ऑपरेटरशेजारी उभं राहून त्या शिकल्या. मालकांनी फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पैशाचं नंतर बोलू, दादा. फोन उचलत जावा. आम्हाला लई काळजी वाटत्या."

डिसेंबर २०१९ पासून हे पाच जण दर आठवड्याला नानांच्या ओट्यावर बसू लागले. नियम मोजके होते. येताना बँकेचा उतारा, येणी आणि देणी असे तीन कागद आणायचे. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. पैसे उसने मागायचे नाहीत आणि द्यायचेही नाहीत. शेवटचा नियम ताईंचा, आणि माझ्या मते गट टिकला तो त्याच नियमामुळे.

जानेवारीत तीन निर्णय झाले. ब्रॅकेटच्या वेळेची नोंद आणि मोबाइलवरचं चित्रण घेऊन मालक फाउंड्रीत गेले. शेजाऱ्याने सुचवल्याप्रमाणे फिक्स्चरचे चार क्लॅम्प दोनवर आणले तेव्हा वेळ सहा मिनिटं दहा सेकंदांवर आली, आणि फाउंड्रीने दर ४२ रुपये केला. नफा नगण्य, पण गळती थांबली.

दुसरा निर्णय यंत्र विकण्याचा. कर्ज फिटलेलं सर्वांत जुनं टर्निंग मशीन बँकेची ना-हरकत घेऊन साडेपाच लाखांना विकलं. वडील असताना आलेलं ते पहिलं सीएनसी होतं. मालकांना ते फार जड गेलं.

तिसऱ्या निर्णयावर गटात जोरात वाद झाला. आलेले पैसे आधी कुणाला द्यायचे? शेजाऱ्याचं म्हणणं, सावकाराचं व्याज वर्षाला छत्तीस टक्के पडतं, ते आधी संपवा. हिशोबाने त्याचं चुकत नव्हतं. सीए म्हणाले, आधी बँकेचे थकलेले दोन हप्ते भरा. नव्वद दिवस उलटून खातं एकदा एनपीए (थकीत कर्ज) झालं की पुढची सगळी दारं बंद होतील. अखेर २ लाख ७० हजार बँकेला, २ लाख सावकाराच्या मुद्दलात आणि उरलेले ऐंशी हजार थकलेल्या पगाराला असं ठरलं. सोबत मालक आणि सीए शाखेत जाऊन मॅनेजरना भेटले आणि पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज कागदावर देऊन आले. बोलावणं यायच्या आधी आपणहून गेल्याचा फरक पडला, असं सीए सांगतात.

लॉकडाउन

मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना आधी तीन आणि नंतर आणखी तीन महिने सवलत दिली, ती ऑगस्टअखेरपर्यंत चालली. मे महिन्यात सरकारने लहान उद्योगांसाठी तातडीची कर्जहमी योजना आणली. २९ फेब्रुवारी २०२० ला जी बाकी होती तिच्या वीस टक्के जादा कर्ज, नवं तारण नाही, चार वर्षांची मुदत, पहिल्या वर्षी मुद्दल नाही. अट एक होती. त्या तारखेला खात्याची थकबाकी साठ दिवसांपेक्षा जुनी नसावी. जानेवारीत ते दोन हप्ते भरले नसते तर हे खातं अपात्र ठरलं असतं. जुलैमध्ये १२ लाख ४० हजार मंजूर झाले. फेब्रुवारीतल्या त्या तारखेचं महत्त्व जानेवारीत कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. बाजूला बसून वाद घालणारा एक जाणकार होता, एवढ्यावर हे जमलं.

परगावचे ऑपरेटर घरी गेले होते, चौदातली नऊ माणसं उरली. ओट्यावरची बैठक फोनवर आली. या काळात निर्णय थोडे झाले, विचारपूस जास्त. एप्रिलमध्ये एकदा ताईच खचल्या. त्यांची येणी सगळीकडे अडकली होती. त्या दिवशी मालकांनी तासभर त्यांचे कागद पाहिले आणि कुणाकडे कोणत्या क्रमाने मागायचं याची यादी करून दिली. आपल्याला आधार देणाऱ्याला आधार देता येतो, हा अनुभव मालकांना सर्वांत उभारी देणारा वाटला. ऐकताना मलाही तसंच वाटलं.

ट्रकचा बाजार झोपला असताना ट्रॅक्टर मात्र उठला. पाऊसपाणी बरं होतं, शेतीचं काम थांबलं नव्हतं. २०२०-२१ मध्ये देशातली ट्रॅक्टरविक्री नऊ लाखांच्या घरात गेली. आधीच्या वर्षी ती सात लाखांच्या आसपास होती. शेजाऱ्याकडे काम मावेना, तेव्हा ऑगस्टमध्ये त्याने गिअरबॉक्सच्या लहान हाउसिंगचं काम मालकांकडे वळवलं. नव्या फिक्स्चरचा खर्च जादा कर्जातून झाला.

जानेवारी २०२१ मध्ये मात्र गट तुटायला आला. मालकांचा अनुभवी सेटर (नव्या कामासाठी मशीन लावून देणारा) जास्त पगारावर समोरच्या शेडमध्ये गेला. मालक संतापले. 'माझे कागद बघून माझ्याच माणसावर हात मारला' हा त्यांचा आरोप. शेजाऱ्याचं उत्तर, तो स्वतःहून आला. तीन आठवडे दोघं बोलले नाहीत. नानांनी दोघांना वेगवेगळं ऐकलं आणि मग एकत्र बसवून नवा नियम लावला. गटातल्या कुणाकडचा माणूस आला तर आधी त्याच्या मालकाला कळवायचं आणि महिनाभर थांबायचं. सेटर परत आला नाही. त्याच्या हाताखालच्या मुलाला शेजाऱ्याच्या शेडमध्ये सेटिंग शिकवलं गेलं, हा तोडगा निघाला.

परिणाम

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि शिरोलीजवळ महामार्ग पुन्हा बंद झाला. या वेळी पावसाचा जोर पाहून ट्रॅक्टरच्या भागांचा आठ दिवसांचा तयार माल पाण्याच्या पलीकडे भाड्याच्या गाळ्यात हलवून ठेवलेला होता. पुरवठा तुटला नाही. २०१९ मध्ये काम गमावलं होतं, या वेळी त्याच कारणाने थोडं वाढून मिळालं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये सावकाराचं खातं बंद झालं आणि पाटल्या घरी आल्या. मार्च २०२२ पर्यंत मोठ्या फाउंड्रीचा वाटा ऐंशीवरून पंचेचाळीस टक्क्यांवर आला होता. कामगार बारा. उलाढाल २०१८-१९ इतकी झाली नव्हती, पण प्रत्येक पार्टचा खरा वेळ आणि खरा खर्च शेडमधल्या फळ्यावर लिहिलेला होता. मालकांच्या पत्नी आता रीतसर भागीदार आहेत, येण्यांचा पाठपुरावा त्याच करतात. जादा कर्जाचे हप्ते तेव्हा सुरू होते. सगळं सुरळीत झालं असं म्हणण्याजोगी स्थिती नव्हती.

निर्णयाच्या जागा आणि काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत महाग पडली ती सप्टेंबर ते नोव्हेंबर २०१९ मधली शांतता. पत्नीला सप्टेंबरमध्येच सांगितलं असतं तर सावकाराचे चार लाख बहुधा लागलेच नसते. जुनं मशीन तेव्हाही विकता आलं असतं, आणि बाजार अजून पुरता बसला नव्हता म्हणून दोन पैसे जास्त मिळाले असते.

माणसांची निवड नानांनी केली. मालकांनी स्वतः केली असती तर त्यांनी दोन मोठे कारखानदार निवडले असते, हे त्यांनी मान्य केलं. ताईंचं नाव यादीत आलंच नसतं. नानांचा निकष वेगळा होता: अडचणीत हा माणूस कसा वागला हे आपण डोळ्यांनी पाहिलंय का, आणि याच्यासमोर वही उघडता येईल का. मला हा निकष फार मोलाचा वाटतो, कारण प्रसिद्ध माणसाची भाषणं ऐकून तो लावताच येत नाही. त्याच गावात, त्याच धंद्यात दहा-वीस वर्षं शेजारी राहावं लागतं.

येण्यांच्या बाबतीत गटाने जास्त मऊ धोरण घेतलं, असं मला वाटतं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. २०१७ पासून सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रारही करता येते. ऐंशी टक्के काम देणाऱ्यावर तक्रार करायची नाही, हा निर्णय मी समजू शकतो. पण तक्रार आणि गप्प बसणं यांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. कायद्याचा उल्लेख असलेलं साधं स्मरणपत्र, दर महिन्याला येणीबाकीची लेखी खातरजमा, आठवड्याला ठरावीक रकमेची मागणी. यातली फक्त शेवटची गोष्ट केली गेली आणि तीही फेब्रुवारी २०२० मध्ये. ट्रॅक्टरचं काम हाती आल्यावर तरी सूर बदलायला हवा होता.

सेटरचा वाद टाळता येण्याजोगा होता. स्पर्धकाला गटात घेताना माणसं, ग्राहक आणि दर या तीन गोष्टींचे नियम पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला हवे होते. ग्राहकांबद्दलचा नियम तर अजूनही तोंडीच आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यात नानांची तब्येत बिघडली आणि बैठक आठवड्यावरून महिन्यावर आली. त्यांच्या जागी कुणाला घ्यायचं यावर एकमत झालेलं नव्हतं. शेजारी एका निवृत्त बँक अधिकाऱ्याचं नाव सुचवत होता. ताईंना वसाहतीतली एक तरुण पॅटर्नमेकर हवी होती. दोन वर्षांपूर्वी आगीत तिचं वर्कशॉप गेलं होतं आणि तिने ते पुन्हा उभं केलं होतं. मालकांचा कल ताईंकडे होता.